सगळ्यांचे श्वास वीस

पुणे, रविवार दुपार

प्रिय सखे,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी आधीच्या ड्युटीच्या सिस्टरकडून ओव्हर घेत होते, धड बोलता आलं नाही. पण तुझा आवाज कानातून जात नाही. वॉर्डाची इन्चार्ज होऊन जेमतेम दोन महिने, आणि एवढ्यात हे. नवीन नर्स पोरीने सात नंबर बेडचं अँटिबायोटिक नऊ नंबरला दिलं, कुणाला सांगितलं नाही, आणि तुला कळलं ते मावशींकडून. पेशंट ठीक आहे हे नशीब. ऑफिसचं म्हणणं, मेमो द्या आणि मोकळं करा. तू विचारलंस, "कडक होऊ की सांभाळून घेऊ?" आज ऑफ आहे, म्हणून कागद घेऊन बसले आहे. फोनवर हे सगळं मला बोलता आलं नसतं.

तुलाही कधी सांगितली नाही अशी एक गोष्ट आधी सांगते.

हॉस्टेल सुटल्यावर मी ज्या साठ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात लागले, तिथे नाईटला माझ्याकडे बावीस पेशंट असायचे. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आपण परीक्षेत लिहून आलो होतो: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. तिथे बावीसांमागे मी आणि एक मावशी. पहिल्या दोन रात्री मी प्रत्येकाच्या छातीकडे बघत, घड्याळ धरून, पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. तिसऱ्या रात्री सीनियर सिस्टर म्हणाली, "अशी मोजत बसलीस तर सकाळपर्यंत सलाईनसुद्धा बदलून होणार नाहीत. पाच वाजता खाली बस आणि चार्ट भरून काढ." तिने करून दाखवलं. ताप नसेल त्याचं टेंपरेचर ९८.४. नाडी ८०, ८२, ८४ अशी फिरवायची. श्वास मात्र सगळ्यांचे वीस.

ती वाईट बाई नव्हती गं. माझा डबा राहिला की अर्धी भाकरी मोडून द्यायची. तिला तिच्या सीनियरने असंच शिकवलं होतं. महिन्याभरात माझाही हात बसला.

आठ नंबरला एक आजी होत्या, न्यूमोनियाच्या. रात्री दोनच्या सुमारास म्हणाल्या, "पोरी, दम लागतोय." मी उशी उंच केली, पाठीवरून हात फिरवला आणि सतरा नंबरची सुई बाहेर आली होती तिकडे धावले. पाचला बसले, आजींच्या चार्टवर वीस लिहिले. साडेसहाला आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, आले, चार्टवरून नजर फिरवली, पुढे गेले. आठ वाजता मॉर्निंगच्या सिस्टरने मोजले तर छत्तीस. आजींना आयसीयूत हलवलं, पाच दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. वाचल्या. पण दोन ते आठ हे सहा तास माझ्या नावावर आहेत, ते कुठे जात नाहीत.

त्या सकाळी इन्चार्ज मॅडमनी मला आत बोलावलं. वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी चार्ट पुढ्यात घेतला, माझंच पेन मागितलं आणि वीसातल्या शून्याला वरून एक शेपूट काढलं. झाले सव्वीस. "आता कोणी काही विचारणार नाही. जा, झोप घरी जाऊन." मी त्यांना थँक यू म्हणाले. आजींच्या सहा तासांइतकंच ते थँक यू मला आजही टोचतं. त्या दिवशी मी नर्सिंगमधली एक गोष्ट पक्की शिकले, आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती: इथे पेशंटच्या आधी कागद सांभाळायचा असतो.

हातात दिवा घेऊन आपण शपथ घेतली होती, आठवतं? पांढरा गणवेश, मेणाचे थेंब बोटांवर, आणि तुझा रडवेला आवाज. ती नाइटिंगेलबाईंच्या नावाची असली तरी १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली. अपायकारक औषध देणार नाही, रुग्णाचं गुपित राखीन, हे सगळं तिच्यात आहे. हातून चूक झाल्यावर काय करायचं, याबद्दल मात्र एक शब्द नाही. ते वॉर्ड शिकवतो. पहिल्या चुकीच्या दिवशी शिकवतो आणि जन्मभरासाठी शिकवतो.

आता दुसरी रात्र ऐक. ही इथली, ट्रस्टच्या हॉस्पिटलातली. एका काकांना रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिन बारा युनिट होतं. ती व्हायल शंभराची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट. ड्रॉवरमध्ये हाताला आली ती लाल टोपीची सिरिंज, चाळीसच्या इन्सुलिनची, म्हणजे मिलिलिटरला चाळीस रेघांची. मी बाराच्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. सुई कटरमध्ये घालताना लाल टोपी दिसली आणि पोटात खड्डा पडला. बारा भागिले चाळीस, म्हणजे शून्य पूर्णांक तीन मिलिलिटर. काकांना तीस युनिट गेलं होतं, अडीच पट.

खरं सांगते, पहिला विचार "कुणी बघितलं का?" हाच आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. काका टीव्ही बघत होते. शेपूट काढणारं ते पेन डोळ्यांपुढे आलं. तरी नाईट सुपरवायझरना फोन लावला, कारण त्याच मॅडमनी माझ्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर स्वतःची एक जुनी चूक सांगितली होती, ब्लडच्या बॅगेची. इतकी वर्षं नोकरी झालेली बाई उभी राहून स्वतःची चूक सांगते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "काका कसे आहेत?" दुसरा, "शुगर किती?" माझं नाव, माझी चूक, हे फार नंतर. आरएमओ आले, रात्रभर तासातासाला शुगर बघायची ठरलं. पहाटे चारला ६२ आली, डेक्स्ट्रोज दिलं, दूध-बिस्किटं दिली, वर आली. ग्लार्जिन दिवसभर काम करतं म्हणून दुसरी रात्र होईपर्यंत लक्ष ठेवलं. सकाळी डॉक्टरांनी काकांच्या मुलाला खरं ते सांगितलं, मी शेजारी उभी होते. तो चिडला, चिडायलाच हवा होता. मी माफी मागितली. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "आत्ता शुगर किती आहे?" आणि दिवसभर दर तासाला मला तेच विचारत राहिल्या.

झाल्या चुकीची नोंद करायचा फॉर्म भरला. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडम ड्रॉवर उघडून उभ्या होत्या. "ह्या दोन्ही सिरिंज एका कप्प्यात कोणी ठेवल्या? आणि इन्सुलिनला दुसऱ्या सिस्टरचा डोळा का नव्हता?" आठवड्यात कप्पे वेगळे झाले, इन्सुलिन दोघींनी तपासून द्यायचं ठरलं. मलाही समज मिळाली, लेखी. ती मिळाली याचं मला बरं वाटलं. चुकीला चूक म्हटलं गेलं, आणि तरी मी दुसऱ्या दिवशी ताठ मानेने ड्युटीवर येऊ शकले.

दोन्हीकडे नर्स मीच होते. अठ्ठ्याहत्तर टक्केवाली, देवभोळी, भित्री. एकीकडे खोटा चार्ट लिहिला, दुसरीकडे रात्री फोन उचलून स्वतःची चूक सांगितली. सखे, तुझ्या पोरीचा विचार करताना हे आठव.

सगळा दोष कामाच्या बोजावर टाकायचा मोह होतो. बोजा आहेच, पण तेवढंच नाही. २०११ च्या मार्चमध्ये केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणाच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हा आपण हॉस्टेलच्या टीव्हीपुढे बसलो होतो. नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच त्यांच्यावर तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला, आणि तेव्हापासून त्या अंथरुणाला होत्या. तोवर सदतीस वर्षं झाली होती आणि अंगावर एक बेडसोर नाही, पडून राहून होणारी एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची धरली तर दीड लाखाच्या वर वेळा, असं गणित तू वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतंस. महापालिकेचं हॉस्पिटल, तिथे काय कमी गर्दी? पण नवी बॅच आली की मुलींना त्यांच्यापाशी नेऊन सांगत, ही आपल्यातली एक आहे. १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर किती सिस्टर रिटायर झाल्या असतील. ज्यांनी त्यांना उभं चालताना कधी पाहिलं नव्हतं, त्या मुलींनीही कूस बदलली. कारण त्या वॉर्डात ती बदलायचीच असते, हे त्यांनी पहिल्या दिवशी बघितलं.

भीतीचंही तसंच. २०२१ च्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या सिव्हिलला आयसीयूत आग लागली, कोविडचे अकरा पेशंट गेले, आणि अटक झाली त्यांत तीन नर्स होत्या. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात प्रत्येकीच्या तोंडी एकच, की शेवटी आपल्यावरच येतं. तुझी पोरगी असलं ऐकतच नर्स झाली आहे. वर तिची मूळ सर्टिफिकेटं तुमच्या ऑफिसच्या कपाटात अडकलेली. ती गप्प बसली यात मला नवल वाटत नाही.

म्हणजे तिला सोडून दे, असं मी म्हणत नाही. चुकीचं औषध देणं ही एक गोष्ट, ते दडवणं ही दुसरी. नऊ नंबरला त्या औषधाची ॲलर्जी असती तर? हे तिला स्पष्ट शब्दांत सांग, दार लावून सांग, आणि लेखी समज दे. पण त्याआधी तुझ्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना विचार, मागच्या वेळी कुणी चूक कबूल केली तेव्हा तिचं काय झालं? उत्तर "तिला काढलं" असं आलं, तर ह्या पोरीला काढून तू उरलेल्या सगळ्यांना आणखी घट्ट तोंड मिटायला शिकवशील.

ऑफिसशी बोलताना एक लक्षात ठेव. नव्वदच्या दशकात हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी बॉस्टनच्या हॉस्पिटलांत औषधांच्या चुका मोजल्या. जिथे इन्चार्ज चांगली, टीम चांगली, तिथे चुका जास्त निघाल्या. आधी त्याही चक्रावल्या. मग उमगलं की तिथल्या सिस्टर चुका सांगत होत्या, बाकीकडे दडपत होत्या. तू नीट काम केलंस तर तुझ्याही वॉर्डाचे फॉर्म पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाढतील, आणि वरून विचारणा होईल. तेव्हा डगमगू नकोस.

आणि सात-नऊचा घोळ झाला कसा, ते जागेवर जाऊन बघ. त्या रात्री ती किती पेशंटना एकटी होती? बेड नंबर बघून औषध दिलं की नाव विचारून? ट्रॉलीत दोघांचे ट्रे शेजारी होते का? जमलं तर तिच्याबरोबर एक नाईट कर. रात्री दोनला तिच्यासमोर एका पेशंटचे श्वास पूर्ण मिनिटभर मोज, आणि जे येतील ते लिही.

पुढच्या शनिवारी माझा डबल ऑफ आहे, सकाळच्या गाडीने येते. तोवर मेमोवर सही करू नकोस. भडंग आणते, हॉस्टेलवर खायचो ते.

तुझी,
खोली नंबर ९