मेट्रोचा जिना उतरल्यावर पाय कुठे ठेवायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या पुण्याच्या तिसऱ्या मेट्रो मार्गाची चर्चा नेहमी ‘गाडी कधी धावणार’ इथेच येऊन थांबते. रूळ, सिग्नल, गाडीला वीज पुरवणारा 750 व्होल्टचा तिसरा रूळ यांची तपासणी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती जिन्याच्या शेवटच्या पायरीपुढच्या वीस-पंचवीस फुटांची. मार्ग पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), पण बाणेर रस्त्याचा फूटपाथ पुणे महापालिकेचा, वाकडला पिंपरी-चिंचवडचा आणि हिंजवडीत एमआयडीसीही येते. 23 स्थानकांच्या पायथ्याशी हा गुंता आहे. बॅरिकेड उभे आहेत तोवरच तो सोडवता येईल.

पहिली गोष्ट रुंदीची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे फूटपाथवर किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच वाट मोकळी हवी. जिन्याची भिंत ते सोसायटीचे कंपाउंड असे अंतर मोजले की कागदावर सगळे बसते. त्यातून विजेची डीपी पेटी, झाडाचा पार आणि दुकानाची पुढे आलेली पायरी वजा करा, म्हणजे खरा आकडा कळेल. जिन्याखालची जागा 2.2 मीटरपेक्षा बुटकी असेल तिथे कठडा किंवा भिंत हवीच. अंध माणसाची काठी जमिनीवर चालते. डोक्याच्या उंचीवरचा तिरका स्लॅब तिला सापडत नाही.

लिफ्टचे गणित तर हमखास चुकते. पावसाचे पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाऊ नये म्हणून चौथरा उंच घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण 450 मिलिमीटर उंच चौथऱ्याला 1:12 च्या उताराने (एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी) 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो. ही लांबी नकाशात आधी धरली नाही, तर शेवटच्या आठवड्यात अडीच-तीन मीटरची घसरगुंडी ओतली जाते. तीवर व्हीलचेअर एकट्याने चढत नाही आणि भरलेली ट्रॉली बॅग थांबत नाही. पुढे ती फोडून पुन्हा करायची म्हटले तरी लांबीला जागा उरलेली नसते.

आता पावसाळी गटारे. मिक्सर धुतलेले सिमेंटचे पाणी आणि खोदाईचा गाळ जवळच्या चेंबरमध्ये गेला की तळाशी बसून घट्ट होतो. वरून झाकण स्वच्छ, आत पाइप अर्धा बुजलेला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबते आणि दोष ढगफुटीला जातो! तपासणी सोपी आहे: लागोपाठची दोन चेंबर उघडायची, वरच्यात टँकरचे पाणी सोडायचे आणि खालच्यात ते किती वेगाने येते ते पाहायचे. गाळ सुटा असेल तर जेटिंग मशीनने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने निघतो; दगड झाला असेल तर पाइपचा तेवढा तुकडा बदलावा लागतो. मार्गावरून खांबातून उतरणाऱ्या पाण्याच्या पाइपचे खालचे तोंडही बघावे. ते दुभाजकात उघडेच सोडले तर माती रस्त्यावर येते आणि दुचाक्या घसरतात.

केबल आणि जलवाहिन्या हलवताना खणलेले चर एकदम राडारोड्याने भरले, तर वरचे पेव्हर ब्लॉक एका पावसाळ्यात खचतात. मुरूम साधारण 200 मिलिमीटरच्या थरांत पसरून, पाणी मारून, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबायला हवा. ब्लॉक बसवल्यावर खाली काय भरले आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून थरांचे फोटो बिलाला जोडणे सक्तीचे करावे.

पीएमपी बसच्या थांब्यासाठी जागा आत्ताच आखून ठेवावी. 12 मीटरच्या दोन बस मागेपुढे उभ्या करायच्या तर सुमारे 30 मीटर सलग कडा लागते आणि ती जिन्याच्या जवळच लागते. ती आखली नाही तर तिथे रिक्षा आणि टपऱ्या येणार, बस मधल्या लेनमध्ये थांबणार. रिक्षावाल्यांचा त्यात दोष नाही. त्यांनाही थांबा आखून दिलेला नसतो.

बॅरिकेड काढण्यापूर्वी प्रत्येक स्थानकाच्या दोन्ही बाजूंना संबंधित यंत्रणांनी एकत्र पाहणी करावी. सोबत मोजपट्टी आणि एक व्हीलचेअर न्यावी. बसथांब्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत ती रस्त्यावर न उतरवता ढकलत नेता आली नाही, तर ठेकेदाराचे त्या बाजूचे अंतिम बिल थांबवावे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, बाणेर, पुणे