रोंडा तीन तासांत उरकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्यात सहकुटुंब युरोपला जाणारे कोल्हापुरात आता कमी नाहीत. स्पेनमधले रोंडा हे डोंगरातले जुने गाव मात्र बहुतेकांच्या सहलीत मालागा शहराहून जाऊन-येऊन तीन तासांत उरकले जाते. बसला एका बाजूने साधारण दोन तास, म्हणजे गावात शिरेपर्यंत दुपार. दुपारी दोन ते पाच या वेळेत दुकानांना कुलपे. दरीवरचा ‘पुएन्ते नुएवो’ पूल खालून पाहावा, पश्चिमेकडून, उन्हे कलल्यावर. नेमकी तीच परतीच्या बसची वेळ. म्हणून एक मुक्काम कराच.

आधीचा, घाईने बांधलेला पूल 1741 मध्ये कोसळून पन्नासेक माणसे दगावली. 98 मीटर उंचीचा आजचा पूल 1751 ते 1793 अशी 42 वर्षे बांधत होते. खाली उतरणारी वाट जुन्या गावातल्या मारिया औक्सिलियादोरा चौकातून निघते. तीवर बारीक खडी आहे, चपला घसरतात; बूटच हवेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या सज्जांवरूनच पाहावे. ‘कासा देल रेय मोरो’ या जुन्या वाड्याच्या पाण्याच्या भुयारात सुमारे 200 ओल्या, उंचसखल पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम निघतो. मुक्काम स्टेशनकडच्या नव्या भागात घ्यावा. जुन्या गावातल्या गोट्यांच्या फरसबंदीवर बॅगांची चाके निखळतात.

फ्रान्स, स्पेन अशा देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. पॅरिसला पाच रात्री आणि स्पेनला तीन असताना स्पेनकडे केलेला अर्ज अडकतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून घेतात, मेसाठी जानेवारीतच वेळ घेतलेली बरी. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो आणि परतीनंतर पासपोर्टची तीन महिने मुदत उरायला हवी. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही.

शाकाहारींनी नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही; सॅलडमध्ये टूना आणि सूपवर हॅमचे तुकडे निघतात. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) असे एकेक सांगावे. अंडे चालत नसेल तर ‘सिन वेवो’ही. ‘बेरेन्हेनास कोन मिएल’ म्हणजे वांग्याचे तळलेले काप, वरून बहुधा उसाची काकवी. आपल्याकडच्यांना हे हमखास आवडते, फक्त पिठात अंडे नाही ना, ते विचारून घ्यावे. रात्रीचे जेवण साडेआठच्या आत सहसा मिळत नाही, तेव्हा मुलांसाठी दशम्या-चटणी जवळ ठेवावी.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर