राणी म्हणजे चेंडू

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुला फुटबॉलमधला ऑफसाइड कुणी शिकवला?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहिलं. माझ्या आजोबांनी शिकवला. गिरगावच्या खोलीत, कॅरमवर. काळ्या सोंगट्या बचावाच्या, पांढऱ्या चढाईच्या आणि राणी म्हणजे चेंडू. राणी सरकवताना एखादी पांढरी सोंगटी शेवटून दुसऱ्या काळीच्या पुढे दिसली, की आजोबा बोर्डावर टिचकी मारून ओरडायचे, "शिट्टी!"

त्यांचं अर्धं आयुष्य कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर गेलं. १९५० ते ५४ सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी मुंबईचा रोव्हर्स कप नेला, ते दुःख चाळीस वर्षांनीही ताजं होतं. आणि नेव्हिल डिसूझा! मुंबईचा पोरगा, १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल. आजोबांनी ते फक्त पेपरात वाचलेले, पण खुर्चीतून उठून तिन्ही मारून दाखवायचे. एकदा वहाण उडून थेट शेजारच्या काकूंच्या पापडांवर.

१९९०च्या वर्ल्ड कपला मी दहा वर्षांची होते. आजोबांना तोवर मोतीबिंदू झालेला. ऑपरेशनला घाबरायचे, दर वेळी काहीतरी सबब. टीव्हीवर त्यांना नुसतं करडं काहीतरी हलताना दिसायचं. मग मी कानाशी कुजबुजत सांगायचे, कारण खाली ओळीने सगळे झोपलेले. कॅमेरूनने अर्जेंटिनाला हरवलं, तेही शेवटी नऊ जणांत, तेव्हा मी किंचाळले आणि काकांची उशी अंगावर आली. मी चेंडूच्या मागे मागे सांगत सुटले की आजोबा अडवायचे. "चेंडू राहू दे बाय. मोकळा कोण आहे, ते सांग."

फायनल रात्री साडेअकराला सुरू झाली. पत्र्यावर पाऊस. आम्ही दोघं मॅराडोनाच्या अर्जेंटिनाचे. सामना भिकार होता, खोटं कशाला बोलू. ८५व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीला पेनल्टी मिळाली. "गोयकोचेया अडवेल," आजोबा आमच्या गोलकीपरबद्दल म्हणाले, "सेमीफायनलला इटलीच्या अडवल्या ना?" जर्मनीचा ब्रेमे धावत आला आणि मी डोळे गच्च मिटले.

"काय झालं? बाय, काय झालं?"

दिसत होतं फक्त मला, आणि मीच पाहिलं नव्हतं. स्टेडियम गरजलं, त्यावरून दोघांनाही कळलं. शेवटी मॅराडोना रडत होता, ते मी सांगितलं नाही. सकाळी पेपर वाचून दाखवतानाही तेवढी ओळ गाळली.

दिवाळीनंतर आजोबा आपण होऊन ऑपरेशनला तयार झाले. सगळ्यांना आश्चर्य. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या भरवशावर पुढचा वर्ल्ड कप काढायचा नाही."

तो कॅरम अजून आपल्या माळ्यावर आहे. राणी तेवढी हरवली आहे. सुट्टीत येताना घेऊन ये.

तुझी,
आई