टेकडीच्या माथ्याला माती हवी आहे : आवाहन

गल्लीतील पंच मंडळी, महिला मंडळे, युवक मंडळे व समस्त नागरिकांना सप्रेम नमस्कार.

आपल्या उपनगराच्या टेकडीवरची बाग निम्मी झाली आहे. पायवाट तयार आहे, उतारावर लावलेले करंज आणि कडुनिंब यंदाच्या उन्हाळ्यातही तगले. काम अडले आहे ते माथ्यावर. तिथे पूर्वी जांभ्याच्या चिऱ्यांची खाण होती. ती बंद पडल्यावर वर्षानुवर्षे तिथे फौंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांची, वापरलेली वाळू टाकली गेली. साच्यासाठी मिसळलेल्या कोळशाच्या भुकटीने ती काळीभोर झाली आहे, म्हणून लांबून कसदार माती वाटते. पण तिच्यात झाडाला पोसणारे काही नाही. रोप पावसाळाभर हिरवे राहते आणि शिमग्याच्या सुमारास वाळते.

ही वाळू उचलून दुसरीकडे टाकणे आम्हाला पटत नाही. ती पुन्हा कुणाच्या तरी बांधावरच जाणार. ती एका बाजूला ओढून, दगडी बांध घालून, वर मुरूम आणि मातीचा जाड थर द्यायचा असे ठरले आहे. हे मृगाच्या आधी व्हायलाच हवे. पहिल्या जोरदार सरीबरोबर ती ओघळीतून खालच्या भातशेतात उतरते. बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगावच्या शिवारात बासमती पिकवणाऱ्यांना शेतात काय उतरावे आणि काय उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

असली जागा सुधारत नाही, असे काहीजण म्हणतात. मुंबईत धारावीजवळ कचऱ्याच्या डेपोवर माती घालून ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले, १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पॅरिसमध्ये तर जिप्समच्या उजाड खाणींवर १८६७ मध्येच बाग झाली, ती आजही आहे. आपली टेकडी त्या मानाने लहान आहे.

सर्वात आधी माती हवी. घराचा पाया खोदताना निघालेली स्वच्छ माती, तळ्यातला गाळ, कुजलेले शेणखत, जे असेल ते द्या. ट्रॅक्टर-ट्रॉली असणाऱ्यांनी एखादी फेरी केली तरी मोठा आधार होईल. डिझेलचा खर्च समिती देईल. बांधकामाचा राडारोडा मात्र कृपया आणू नये. रोपे द्यायची असतील तर जांभूळ, उंबर, आपटा, बहावा, करवंद अशी इथलीच द्यावीत. गुलमोहर नको, त्यावर पाखरांना खायला फारसे काही मिळत नाही. आपटा वाढू द्यावा, दसऱ्याला कोवळ्या फांद्या ओरबाडू नयेत, ही मुलांच्या आई-वडिलांना कळकळीची विनंती.

रोख देणगी जेसीबीचे भाडे, पाण्याचा टँकर आणि खाणीच्या खड्ड्याभोवतीचे कुंपण यांसाठी वापरली जाईल. कुंपण आम्हाला सर्वात तातडीचे वाटते. पावसाळ्यात तो खड्डा काठोकाठ भरतो आणि मुले पोहायला जातात. देणगी देताना पावती जरूर घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला देवळासमोरच्या फलकावर लावला जाईल.

ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी रविवारी सकाळी सहा वाजता श्रमदानाला यावे. फावडे, बुट्टी घरची आणावी, चहा-नाष्टा समितीकडून.

आपले,
टेकडी बाग समिती