पाच वाजताच्या मजुरणीस

प्रिय मंदे,

सप्रेम जय ख्रिस्त.

आम्ही सगळे बरे, माझ्या गुडघ्याचं चालूच आहे. आता मुद्द्याचं. बाबांनी प्रभुभोजन घेतलं.

हो, आमच्याच बाबांनी. महिन्याचा पहिला रविवार. देवळात ख्रिस्ताच्या आठवणीच्या भाकरीची थाळी आमच्या बाकावर आली, मी सवयीने त्यांना ओलांडून मामीकडे द्यायला गेले, तर बाबांनी मधेच तुकडा उचलला. मग प्यालाही. मामी माझ्याकडे बघायला लागली, मी भिंतीकडे. आई दर वेळी त्यांना कोपराने कशी डिवचायची आणि हे मान खाली घालून कसे बसायचे, ते तुला सांगायला नको.

मला आनंद व्हायला हवा होता ना? आला राग. दारू सुटली असती तर गोष्ट वेगळी; बाजाराच्या दिवशी अजून घेऊनच येतात. घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, माणसाने आधी आपली परीक्षा करावी, असं पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना?" तर म्हणतात, "परीक्षा करावी अन मंग खावं, असं लिहेल हाय. नापास झाला त घरी जावं, असं कोठं लिहेल हाय?" नाल्याकाठचं वावर विकून प्यायलेला माणूस मला बायबल शिकवतो! अकरावा अध्याय पुन्हा उघडला, तर आहे तसंच. पौलाचा राग आहे तो आधीच खाऊन-पिऊन मस्त होणाऱ्यांवर आणि गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांवर. (त्यातलं पिण्याचं बाबांना मुद्दाम सांगितलं नाही. उगाच पुन्हा मागे सरतील. बघ, म्हणजे त्यांनी घ्यावं असंही वाटतंच.)

कृपेने तारण, कर्माने नाही, हे इफिसकरांचं वचन मी स्त्री मंडळात किती वेळा सांगितलं असेल! पण आमच्याकडे सध्या वेचणी चालू आहे. संध्याकाळी गाठोडी काट्याला लागतात, जिचा जेवढा कापूस तिला तेवढे पैसे, आणि मनातून मला तोच न्याय पटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो द्राक्षमळेवाला, सकाळपासून राबलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला सारखीच मजुरी देणारा, आमच्या दारव्ह्याकडे आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात एक बाई दिसायची नाही, सगळ्या पाच वाजताच उगवतील.

तू हसणार. शब्बाथशाळेच्या नाटकात मी सकाळची मजूर होते, एवढं पाठांतर माझं, आणि तू शेवटी येऊन नुसती उभी राहिलीस. तरी गुरुजींनी दोघींना सारख्याच लिमलेटच्या गोळ्या दिल्या. मी तुझी वेणी ओढली ते अजून काढतेस. पण मंदे, तुला एकही वाक्य नव्हतं!

खरं बोचतं ते आईचं. तिने दुसऱ्यांच्या वावरात वेचून आम्हाला शिकवलं. त्याचा हिशेब कोण देणार? 'आई असती तर तिने काही मनात ठेवलं नसतं' असं मात्र लिहू नकोस. ठेवलं असतं. आणि थाळी आली की डिवचलंही असतं.

आणि मी तरी कोण? ज्या आठवड्यात जाऊबाईंशी वाजतं, त्या रविवारी प्याला घेताना हात आखडतो. ज्या आठवड्यात तोंड आवरतं, त्या रविवारी बाकावर ताठ बसते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त अजून मिळायचाच आहे, हे त्यांना उमगायला पुढे आठेक वर्षं गेली. एवढ्या विदुषीची ही गत, आपण तर नुसत्या जन्माने आत आलेल्या. बाबांना पदरात काही नाही हे ठाऊक होतं, म्हणून हात पुढे करता आला. माझ्या पदरात काहीतरी आहे असं मला अजून वाटतं. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते प्रार्थना करतील. तू शिव्या देशील, म्हणून तुला लिहिते.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, पथ्य सांभाळ म्हणावं. पोरगा दहावीला ना यंदा?

नाताळला ये. बाबा परवाच विचारत होते, "ते भांडखोर पोरगी कधी येते?" त्यांना वाटतं, भांडखोर तू. आणि माझी चादर नेली आहेस, ती आण.

तुझी,
शकू