लाल लघवी ही ‘उन्हाळ्या’ची बाब नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत उन्हाळे लागण्यावरचे, म्हणजे लघवीला जळजळ होण्यावरचे, घरगुती उपाय वाचले. धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, शहाळे याला कुणाची हरकत नाही. पण लघवी लालसर झाली तरी हेच करून पाहावे, हा सल्ला मात्र पटला नाही. देवगड तालुक्यात लघवीचे नमुने तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

मुतखड्याची कळ आली की माणूस घरी थांबत नाही, धावतोच. फसवते ती न दुखता होणारी लाल लघवी. एकदा होते, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ होते आणि घरचे म्हणतात, ‘उष्णता होती, गेली.’ मूत्राशयाचा कर्करोग बहुतेकदा अशीच पहिली खूण दाखवतो. गाठीतून रक्त येते, थांबते, कधी काही महिन्यांनी पुन्हा दिसते. मधल्या काळात दिलेला नमुना स्वच्छ निघू शकतो, आणि तो रिपोर्ट खिशात घालून माणूस निर्धास्त होतो.

प्रत्येक लाल लघवी कर्करोगाची नसते, हेही खरे. जंतुसंसर्ग, खडा, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास, पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप, कारणे पुष्कळ. बीट खाल्ले किंवा क्षयाची रिफाम्पिसिन चालू असली तरी रंग बदलतो, पण तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत. पेशी दिसल्या आणि वय पंचेचाळिशीपुढचे असले, तर कारण सापडेपर्यंत तपास सोडू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर खापर फोडूनही नाही. बायकांना तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) न करताच ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून गोळ्यांचे कोर्सवर कोर्स दिले जातात, त्यात निदान लांबते.

बिडीने छाती खराब होते एवढेच आपल्याकडे ठाऊक. धुरातली विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात. या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपानच आहे. ट्रॉलरवर बिड्या ओढणाऱ्या खलाशांना हे कोणी सांगितलेले मी ऐकले नाही.

आता अडचण. आपल्याकडे तपास सोनोग्राफीपाशी थांबतो. लहान किंवा चपटी गाठ तीत सुटू शकते; आत पाहायला दुर्बीणच लागते. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून बारीक दुर्बीण आत सोडतात, काही मिनिटांचे काम. वेळेत सापडलेली वरवरची गाठ दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. स्नायूत शिरली की मूत्राशयच काढायची वेळ येऊ शकते. पण या काही मिनिटांसाठी आमच्या माणसाला कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते. दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला कोणी मिळत नाही, आणि रक्त तर थांबलेले असते. मग कोण जातो?

उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी मूत्ररोगतज्ज्ञ दुर्बीण घेऊन यावेत, एवढी मागणी आपण लावून धरावी. आणि पुढच्या पुरवणीत त्या लेखाची दुरुस्ती छापावी.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, ता. देवगड