भूकंपातून वाचलेली शाळा पाडू नका

महोदय,

आमच्या गावातली निजामकालीन दगडी शाळा पाडून तिथे व्यापारी संकुल उभारायचं घाटतंय. कारण एकच सांगितलं जातं: भूकंपात तडे गेलेली धोकादायक इमारत. मी बांधकाम खात्यात नोकरी केली, किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर होतो. म्हणून या कारणाबद्दलच लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याकडे कोसळली ती बहुतेक मातीत रचलेल्या दगडांची घरं. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी, मधे गोटे आणि माती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवदाचं ओझं. माणसं झोपेत गाडली गेली. तेव्हापासून दगडी भिंतीची धास्ती बसली ती बसलीच. आमच्या शाळेचे दगड मात्र घडीव आहेत, चुन्यात बसवलेले आहेत, वर पत्रे आहेत. कोपऱ्यांत तडे आहेत हे खरं, पण एकही भिंत ओळंब्याबाहेर गेलेली नाही. तड्यांत चुना भरून, दाराखिडक्यांच्या वरून चारी बाजूंनी पट्टा फिरवून अशा भिंती पक्क्या करता येतात.

माझी पुतणी हंगेरीत शिकते. तिने केचकेमेट शहरातल्या जुन्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे फोटो पाठवले आणि मी त्या इमारतीच्या मागेच लागलो. तिथल्या ज्यू समाजाने १८६४ ते १८७१ या काळात यानोश झिटरबार्थ या वास्तुविशारदाकडून ती बांधून घेतली. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, उभं राहिलं तेही याच सुमारास. वर कांद्याच्या घाटाचा मोठा घुमट. आमच्या घरी फोटो पाहून सगळ्यांना आधी मशीदच वाटली. त्या काळी युरोपातल्या ज्यूंनी चर्चपेक्षा वेगळं रूप हवं म्हणून ही मूरिश, म्हणजे स्पेन-मोरोक्कोकडच्या मुस्लिम वास्तूंची धाटणी पुष्कळ ठिकाणी स्वीकारली होती. बुडापेस्टचं डोहान्य रस्त्यावरचं प्रचंड सिनेगॉगही त्याच वळणाचं.

८ जुलै १९११ ला केचकेमेटला भूकंप झाला आणि त्या घुमटाचं नुकसान झालं. इमारत पाडली नाही. सेगेडचं भव्य सिनेगॉग बांधणारे लिपोत बाउमहॉर्न यांच्याकडे काम दिलं आणि १९१३ मध्ये घुमट पुन्हा उभा राहिला.

पुढचं लिहिताना हात जड होतो. जून १९४४ मध्ये तिथल्या ज्यूंना आउश्वित्झला, नाझींच्या मृत्युछावणीत नेलं. युद्धानंतर प्रार्थनेला माणसंच फारशी उरली नाहीत. सत्तरच्या दशकात योझेफ केरेनी या वास्तुविशारदाने वास्तूची दुरुस्ती करून तिथे विज्ञान आणि तंत्रज्ञान भवन केलं. आता तिथे मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या प्लॅस्टरमधल्या प्रतिकृतीही आहेत. याच केरेनींनी त्या शहरातल्या जुन्या फ्रान्सिस्कन मठात कोदाय संगीत संस्थेसाठी जागा घडवली. सिनेगॉगच्या या नव्या रूपाचं मला निखळ कौतुक वाटत नाही. ज्यांनी पदरमोड करून ते बांधलं त्यांची उणीव कुठलं प्रदर्शन भरून काढणार? पण घुमट उभा आहे, म्हणून परगावची एक मुलगी थांबून विचारते तरी की हे कोणाचं होतं.

आमच्या शाळेत शिकलेली माणसं गावातच आहेत. त्यांची नातवंडं एमपीएससीच्या तयारीसाठी दरमहा भाडं भरून पत्र्याच्या कोंदट खोल्यांत बसतात. शाळेच्या वर्गांत वैशाखातही भिंतीला पाठ टेकली की गार लागतं. तिथे अभ्यासिका आणि वाचनालय करा. शाळा भरायची तेव्हाचे फळे आणि पितळी घंटा अजून आत आहेत, ती तशीच राहू द्या.

माझी मागणी एवढीच: एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्या, अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा आणि तोवर जेसीबी आवारात आणू नका. मोजमापं घ्यायला आणि नकाशे काढायला मी विनामोबदला यायला तयार आहे.

– एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, ता. औसा, जि. लातूर